खेळातल्या जगाची तिसरी मिती



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला पत्र पाठविले, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की आम्ही श्रमसंहितांवर बोलावे. तीस वर्षे कामगार संघटनेत काढलेल्या माणसाने दुसऱ्या कशावर बोलावे, असे कोणालाही वाटेल. परंतु त्या विषयावर आम्ही कारखान्यांच्या दारांत बारा महिने बोलतो, आणि ज्यांनी ऐकायला हवे ते तेथे ऐकतात. शिवाय कामगारांच्या माणसाने बोनस आणि महागाई यांच्या कुंपणाबाहेर पाऊल टाकू नये असा जो एक अलिखित नियम आहे, तो मोडण्याची संधी आम्ही सहसा सोडत नाही. आमचे शाळेतले शिक्षण नववीपाशी थांबले. पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर आणि तरुण सभासदांच्या संगतीत. त्याच संगतीतून आजचा विषय निघाला. व्हिडिओ गेममधले जग खरोखर त्रिमित केव्हा होते, एवढाच प्रश्न आम्ही आज घेणार आहोत.

मागच्या रांगेतले तरुण हसत आहेत. त्यांना हा विषय खेळून ठाऊक आहे. पुढच्या रांगेतल्या वडीलधाऱ्यांना हा पोरखेळ वाटत असेल. दोघांनीही थोडा धीर धरावा.

लांबी, रुंदी आणि उंची या तीन मिती आपण शाळेत शिकलो. आता कोणी म्हणेल की संगणकाचा पडदा सपाट, त्यावरचे चित्र सपाट, तेव्हा सगळेच खेळ द्विमित, मिटला प्रश्न. हे उत्तर आम्हांला पटत नाही. आम्हांला आयुष्यभर एक सवय लागली आहे. व्यवस्थापनाने फलकावर काय लावले आहे ते आम्ही वाचतो, पण विश्वास ठेवतो तो मस्टर आणि पगारपत्रक डोळ्यांखालून घातल्यावर. खेळाचेही असेच आहे. पडदा हा त्याचा फलक. त्याच्या मागे, संगणकाच्या स्मरणात, एक खातेवही असते. भिंत कोठे आहे, जमीन कोठे आहे, राक्षस कोठे उभा आहे, गोळी कोठवर पोहोचली आहे, हे सारे तीत आकड्यांनी लिहिलेले असते. वस्तू एकमेकींवर आदळतात की नाही ते चित्र पाहून ठरत नाही, त्या वहीवरून ठरते. म्हणून आम्ही विचारतो ते असे: त्या वहीत उंचीचा रकाना आहे काय? आणि असल्यास, तो कोणाकोणाला लागू आहे?

१९९२ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या आयडी सॉफ्टवेअर या छोट्याशा मंडळीने ‘वुल्फेनस्टाइन थ्री-डी’ नावाचा खेळ काढला. नावातच त्रिमिती. नाझींच्या किल्ल्यातून एक कैदी वाट काढतो. दोन्ही बाजूंना भिंती, समोर लांबच लांब बोळ, पाहणाऱ्याला आपण आतच आहोत असे वाटते. आता वही उघडू. तिच्यात चौसष्ट गुणिले चौसष्ट घरांचा एक पट आहे, सारीपाटासारखा. ज्या घरात भिंत आहे ते भरलेले, बाकीची रिकामी. सगळ्या भिंती सारख्याच उंच, सगळे कोपरे काटकोनात. संगणक पडद्याच्या एकेका उभ्या पट्टीसाठी पटावर एकेक किरण सोडतो, भिंत किती दूर लागली ते मोजतो, आणि दूर असेल तर पट्टी आखूड, जवळ असेल तर लांब काढतो. बस्स. उंची ही फक्त रंगाऱ्याच्या कुंचल्यात आहे, वहीत तिचा मागमूस नाही. फलकावर तीन मिती, मस्टरवर दोन.

निकाल सोपा होता. खरी गंमत पुढच्या खेळात आहे.

त्याच मंडळीने १९९३ च्या डिसेंबरात ‘डूम’ काढला आणि जगभरच्या तरुणांना वेड लावले. येथे जिने आले, खड्डे आले, उंच सज्जे आले, वरखाली होणाऱ्या लिफ्ट आल्या, भिंती तिरप्या झाल्या. येथे तरी तिसरी मिती आली की नाही? वही पाहू. डूमचा प्रत्येक टप्पा म्हणजे कागदावर रेघांनी काढलेला घराचा नकाशा आहे. रेघांनी त्याचे विभाग पाडलेले आहेत, आणि प्रत्येक विभागावर दोन आकडे लिहिले आहेत: एक जमिनीच्या उंचीचा, एक छताच्या उंचीचा. जिना म्हणजे शेजारी शेजारी विभाग, प्रत्येकाचा जमिनीचा आकडा थोडा थोडा वाढत गेलेला. लिफ्ट म्हणजे क्षणोक्षणी बदलणारा आकडा. डूममधली दारे कधी बाजूला उघडत नाहीत, ती वर छतात शिरतात, हे खेळणाऱ्यांनी पाहिले असेल. कारण त्या वहीत रेघ सरकवण्याची सोय नाही, आकडा बदलण्याची आहे. दार हे वस्तुतः वर जाणारे छत आहे.

तेव्हा उंचीचा रकाना आहे. पण एका जागेला जमीन एकच आणि छत एकच. याचा अर्थ ध्यानी घ्या. आपल्यापैकी पुष्कळांचे बालपण चाळीत गेले आहे. तळमजल्यावर एक खोली, तिच्या डोक्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी. एकाच जागेला तीन जमिनी, तीन छते आणि तीन बिऱ्हाडे. डूमच्या जगात ही चाळ बांधता येत नाही. ज्याच्यावरून जाता येईल आणि ज्याच्याखालूनही जाता येईल असा साधा पूलही बांधता येत नाही. वरचा मजला लिहायला वहीत ओळच नाही.

याहून मौजेची गोष्ट राक्षसांची. डूममधल्या गोळ्या आणि आगीचे गोळे उंचीचा हिशेब पाळतात. डोक्यावरून गेलेला गोळा लागत नाही. पण चालणाऱ्या देहांची टक्कर तपासताना वही उंची पाहतच नाही. समजा, आपण उंच कड्यावर उभे आहोत आणि खाली, कड्याला लागूनच, एक राक्षस उभा आहे. आपल्याला वाटते, त्याच्या डोक्यावरून पलीकडे उडी टाकू. पाऊल पुढे पडत नाही. हवेत अदृश्य भिंत! राक्षसाची उंची आभाळापर्यंत धरलेली आहे. चाळीच्या भाषेत सांगायचे तर, तळमजल्याचा भाडेकरू अंगणात उभा राहिला की तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाला त्या जागेच्या वरून पुढे सरकता येणार नाही. एवढेच नव्हे, तर खालचा राक्षस कड्यावरच्या माणसाला चावूही शकतो. कारण चाव्याचे अंतर मोजताना वही फक्त नकाशावरचे अंतर पाहते. आणि तुम्ही कितीही उंचावरून पडा, दुखापत नाही. नायक नुसता हुंकार देतो आणि चालू लागतो.

असे असता या लोकांना लबाड म्हणायचे काय? आमच्या काही तरुण मित्रांनी तसे म्हटलेले आम्ही ऐकले आहे. ‘खोटी त्रिमिती’ असा शब्द ते वापरतात. आम्हांला हा शब्द अन्यायाचा वाटतो. ज्या यंत्रावर हा खेळ चालवायचा होता त्याची ताकद पाहिली पाहिजे. दूरच्या भिंतीवरचे नक्षीकाम बरोबर दिसावे म्हणून प्रत्येक ठिपक्यासाठी एक भागाकार करावा लागतो, आणि त्या काळच्या घरगुती संगणकाला भागाकार फार महाग पडत असे. डूमचे मुख्य कारागीर जॉन कारमॅक यांनी हेरले की, भिंती अगदी उभ्या आणि जमिनी अगदी आडव्या ठेवल्या तर भिंतीची एक उभी पट्टी सबंध एकाच अंतरावर असते, आणि जमिनीची एक आडवी ओळही सबंध एकाच अंतरावर. म्हणजे ठिपक्यागणिक भागाकार नको; पट्टीला एक, ओळीला एक पुरे. या काटकसरीवर सारा खेळ उभा आहे. म्हणूनच त्यात मान वर करून पाहता येत नाही: मान वर केली की उभी पट्टी एका अंतरावर राहत नाही, आणि सारा हिशेब कोसळतो. तुटपुंज्या पगारात महिना काढणाऱ्या गृहिणीची ही अक्कल आहे. तिला लबाडी म्हणवत नाही. खोक्यावर काय छापायचे हा विक्रेत्यांचा प्रांत, आणि तेथे मात्र आम्ही कोणाची तरफदारी करणार नाही.

मधल्या काळात एक मजेदार तोड निघाली. १९९६ च्या जानेवारीत ‘ड्यूक न्यूकेम थ्री-डी’ आला. त्याचे यंत्र केन सिल्व्हरमन या जेमतेम विशीतल्या मुलाने घडवले होते. त्याच्या वहीत नकाशाच्या एकाच जागेवर दोन खोल्या लिहिण्याची मुभा होती. अट एवढीच की त्या दोन्ही खोल्या एकदम नजरेस पडता कामा नयेत. खेळाडू पाण्यात बुडी मारतो तेव्हा तो खाली जातच नाही. त्याला नकाशाच्या दुसऱ्याच कोपऱ्यातल्या ‘पाण्याखालच्या’ खोलीत अलगद नेऊन ठेवतात. एकाच खाटेवर दिवसपाळीचा आणि रात्रपाळीचा असे दोन कामगार झोपवणारे घरमालक आम्ही पाहिले आहेत. दोघे एकदम घरी आले की पंचाईत. तसाच हा प्रकार.

मग १९९६ चा जून उजाडला. त्या महिन्याच्या २२ तारखेला आयडी सॉफ्टवेअरचा ‘क्वेक’ लोकांच्या हाती आला, आणि दुसऱ्याच दिवशी, २३ तारखेला, जपानात निन्टेन्डोच्या नव्या यंत्राबरोबर ‘सुपर मारिओ ६४’. एक टेक्ससचा, एक क्योटोचा. तिसऱ्या मितीचा खरा प्रवेश सांगायचा तर आम्ही हे दोन दिवस सांगू.

क्वेकच्या वहीत नकाशा नाही. जग दगडी ठोकळ्यांनी रचलेले आहे आणि प्रत्येक ठोकळ्याच्या प्रत्येक कोपऱ्याला तीन आकडे आहेत. ठोकळ्यावर ठोकळा, खोलीवर खोली, पुलाखाली पाणी, पाण्याखाली बोगदा. आता चाळ बांधता येते. राक्षससुद्धा सपाट चित्राचे न राहता बहुभुजांचे झाले. मान वर करता येते. हातबॉम्ब फेकला तर तो पायरीपायरीवर आपटत खाली घरंगळत जातो. उंचावरून पडले तर लागते. भागाकाराचा प्रश्न मायकेल ॲब्रॅश यांनी पेन्टियम यंत्राच्या एका गुणाचा फायदा घेऊन सोडवला: दर सोळा ठिपक्यांना एकच भागाकार, आणि तो यंत्राच्या एका भागात चालू असताना दुसऱ्या भागाने मधले ठिपके रंगवायचे. एक विणकर दोन माग सांभाळतो, एकावर धागा जोडताना दुसरा चालता ठेवतो, तशीच ही युक्ती.

या मजल्यांची किंमतही सांगितली पाहिजे, कारण इतिहासात ती सहसा शेवटच्या पानावर ढकलतात. डूमचे सत्तावीस टप्पे होते. सँडी पीटरसन या एका माणसाने सुमारे दहा आठवड्यांत त्यांतले एकोणीस पुरे केले, अर्थात काही टप्प्यांचे आराखडे आधीच्या माणसाने करून ठेवलेले होते. नकाशावर रेघ काढायची, दोन आकडे लिहायचे, की खोली तयार. क्वेकमध्ये तसे नव्हते. तेथे ठोकळ्यांची इमारत पाण्याच्या टाकीसारखी सर्व बाजूंनी बंद असावी लागे. एका कोपऱ्यात केसाएवढी फट राहिली, की कोणत्या खोलीतून कोणती दिसते हा हिशेब यंत्राला मांडताच येत नसे. मग ती गळती शोधत बसायचे. फट बुजली, तरी दृष्टीचा आणि उजेडाचा हिशेब महागड्या यंत्रांवर तास न् तास चाले. शेवटचे महिने सारी मंडळी एकाच मोठ्या खोलीत मेजाला मेज लावून बसली होती. खेळ निघाला, गाजला. आणि ऑगस्टमध्ये, म्हणजे दोन महिन्यांच्या आत, संस्थेच्या संस्थापकांपैकी जॉन रोमेरो बाहेर पडले. पुढल्या वर्षभरात आणखीही काही जण गेले, त्यांत पीटरसनही होते. तिसऱ्या मितीनेच हे घर मोडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण काम किती पटीने वाढेल याचा अंदाज न घेता तारखा ठरवल्या की माणसांचे काय होते, ते आम्ही दुसऱ्या धंद्यांतही पाहिलेले आहे.

बरे, क्वेकमध्ये तरी सर्वांना उंचीचा कायदा लागू झाला काय? तेथे ‘ओगर’ नावाचा एक राक्षस आहे. तो हातबॉम्ब फेकतो. त्याची आज्ञावली पुढे सर्वांस वाचावयास मिळाली. तिच्यात तो खेळाडूच्या दिशेने बॉम्ब फेकतो खरा, पण बॉम्बचा वर जाण्याचा वेग नेहमी एकच, ठरलेला. खेळाडू सज्जावर असो की खड्ड्यात, ओगर आपला एकाच मापाने फेकतो. घर त्रिमित झाले, घरात राहणाऱ्या एकाला मात्र ते कोणी कळवले नाही! म्हणून आमचे म्हणणे असे, की एखादे जग त्रिमित आहे की नाही याला एकच ‘होय’ किंवा ‘नाही’ असू शकत नाही. पाहणे, चालणे, मारणे, पडणे या प्रत्येकाला वेगवेगळे विचारावे लागते, आणि नायकाला विचारले तसे राक्षसालाही विचारावे लागते. कारखान्यात सुरक्षेचा नियम आहे की नाही एवढे विचारून आम्ही कधी थांबत नाही. तो कंत्राटी कामगारालाही लागू आहे काय, हा आमचा दुसरा प्रश्न असतो.

येथे कोणी जाणकार म्हणेल की, १९९५ सालच्या ‘डिसेंट’ला तुम्ही विसरलात. विसरलो नाही. त्या खेळात खाणीच्या बोगद्यांतून एक विमान फिरते. वर, खाली, उलटे, सुलटे, कसेही. त्याच्या वहीत तीनही रकाने क्वेकच्या आधीच पुरे भरलेले होते. भूमितीच्या परीक्षेत त्याला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील. पण तेथे विमानाला वजन नाही. वर जाणे आणि डावीकडे जाणे सारखेच. पुष्कळ खेळणाऱ्यांना त्यात घेरी येते, कारण वर कोणते हेच उरत नाही. आम्हांला असे वाटते की उंची म्हणजे नुसता तिसरा आकडा नव्हे. इतर दोन आकड्यांहून तो महाग असला पाहिजे. डोक्यावर पाटी घेऊन शिडी चढणाऱ्या बाईला हे समजावून सांगावे लागत नाही.

हा महागपणा क्योटोच्या शिगेरू मियामोतो यांच्या मंडळीने उत्तम ओळखला. ‘सुपर मारिओ ६४’च्या पहिल्याच टप्प्यात एक डोंगर आहे. पायथ्याशी उभे राहिले की शिखर दिसते. वाट डोंगराला वेढे घेत वर जाते, वरून गोळे गडगडत येतात, एखादा लागला की आपण खाली. शेवटी माथ्यावर पोहोचून खाली पाहावे, तर जेथून निघालो ती हिरवळ, तो पूल, सारे पायांखाली. ज्याला आपण खालून ‘तेथे’ म्हणत होतो ते ‘येथे’ झाले. हा अनुभव डूममध्ये इतक्या पूर्णतेने मिळत नाही.

पण या खेळातली आम्हांला सर्वांत आवडलेली गोष्ट अगदी बारीक आहे. मारिओ उडी मारतो तेव्हा तो नेमका कोठे उतरेल हे सपाट पडद्यावर कळणे कठीण. आपले दोन डोळे वस्तूचे अंतर मोजतात, पण चित्र एकच असेल तर त्यांचा इलाज चालत नाही. हवेतला मारिओ पुढच्या फळीवर आहे की मागच्या? यावर त्या कारागिरांनी काय केले? मारिओच्या बरोबर खाली एक काळी गोल सावली ठेवली. उजेड कोठूनही येवो, ही सावली सरळ पायांखालीच. निसर्गनियमाने पाहिले तर ती खोटी. सूर्य नेहमी डोक्यावर कसा असेल? पण ती सावली नव्हेच, तो गवंड्याचा ओळंबा आहे. हवेतल्या माणसापासून जमिनीपर्यंत सोडलेली सरळ दोरी, आणि तिच्या टोकाशी काळा गोळा. खेळणारे पोर त्या गोळ्यावर नजर ठेवते आणि बिनचूक उतरते. चित्रात थोडे असत्य घालून वहीतले सत्य माणसाला वाचता येईल असे केले. डूमने याच्या बरोबर उलट केले होते.

पाहणारा डोळा कोठे ठेवायचा, हाही नवा प्रश्न होता. त्यांनी तो डोळाही एका पात्राच्या हाती दिला: ढगावर बसलेला एक प्राणी काठीला कॅमेरा लटकवून मारिओच्या मागे मागे फिरतो, आणि किल्ल्यातल्या आरशाच्या दालनात तो आरशात दिसतो. भिंतीपाशी त्याची अजूनही फजिती होते, हे खेळणारे सांगतील.

जाता जाता ज्यांची नावे खोक्यावर येत नाहीत त्यांच्याविषयी. जगात जितके मजले आणि कोपरे वाढतात, तितक्या देह निसटून पडण्याच्या फटी वाढतात. खेळ बाजारात जाण्यापूर्वी काही माणसे दिवसभर एकच काम करतात: प्रत्येक भिंतीला धडक देऊन पाहायची, प्रत्येक कड्यावरून उडी टाकायची, जगाबाहेर पडता येते काय ते शोधायचे आणि नोंद करायची. आयडी सॉफ्टवेअर २००९ पासून ज्या झेनीमॅक्स समूहात आहे, त्या समूहातल्या अशा सुमारे तीनशे तपासनिसांनी २०२३ च्या जानेवारीत कम्युनिकेशन वर्कर्स ऑफ अमेरिका या संघटनेत आपली युनियन स्थापन केली, आणि मालक मायक्रोसॉफ्टने तिला मान्यता दिली. बातमी वाचली त्या दिवशी आमच्या कचेरीत चहा जरा अधिक झाला.

आता एक शेवटची हकिकत. डूमची आज्ञावली कारमॅक यांनी १९९७ च्या डिसेंबरात सर्वांसाठी खुली केली. तेव्हापासून जगभरच्या हौशी कारागिरांनी, एक पैसा न घेता, तिच्यात पुष्कळ दुरुस्त्या केल्या. मान वर करता येऊ लागली, खोलीवर खोली बांधता येऊ लागली, राक्षसाच्या डोक्यावरून पलीकडे जाता येऊ लागले. पण मग लक्षात आले की काही जुने टप्पे त्या आभाळाएवढ्या राक्षसांना गृहीत धरूनच रचले होते. राक्षस ठेंगणे झाले की कड्यावरचा पहारा उठतो आणि खेळ भलत्याच वाटेने सुटतो. तेव्हा त्या मंडळींनी जुना कायदा पुसून टाकला नाही. ‘राक्षसांची उंची अनंत’ अशा अर्थाची एक कळ त्यांनी खेळाच्या यादीत ठेवली आहे, आणि ती चालू करायची की बंद, हे ज्याने त्याने ठरवायचे. मागच्या रांगेतल्या तरुणांनी दोन्ही करून पाहावे, आणि कड्याच्या टोकाशी काय होते ते पुढच्या रांगेला दाखवावे.